ज्येष्ठांची सागरसफर : जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी

बीड जिल्ह्याच्या कोणत्याही गावापासून समुद्र दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आपल्याकडे पाण्याचा मोठा विस्तार म्हणजे माजलगावचे किंवा मांजराचे धरण, आणि तोही पावसाने साथ दिली तरच. ज्यांचे सारे आयुष्य आड, बारव आणि टँकर यांच्या हिशेबात गेले, त्यांना वयाच्या सत्तरीत चहूबाजूंनी पाणीच पाणी पाहण्याचा योग यावा, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. अलीकडे असे योग वाढले आहेत. कुणाची पंचाहत्तरी असते, कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षे होतात; पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुले आईवडिलांच्या हातात क्रूझचे तिकीट ठेवतात.

या आनंदाला एक अवघड बाजू आहे. मुलांचा उत्साह मोडू नये म्हणून वडील छातीतली धडधड सांगत नाहीत. प्रवासात वारंवार लघवीला जावे लागू नये म्हणून आई लघवीची गोळी परस्पर बंद करते आणि पाणीही कमी पिते. घरी असताना अशी लपवालपवी एखाद्या दिवसात उघडकीस येते आणि दवाखानाही जवळ असतो. जहाजावर मात्र मोठे रुग्णालय काही तासांच्या, कधी एका दिवसाच्या अंतरावर असते. म्हणून तयारीला कपड्यांच्या बॅगेपासून नव्हे, घरातल्या मोकळ्या बोलण्यापासून सुरुवात करावी. हा लेख आपण ज्येष्ठ आणि त्यांचे सोबती, दोघांनी एकत्र बसून वाचावा अशी विनंती आहे.

आधी डॉक्टरांचा सल्ला, मग तिकीट

सफरीच्या निदान चार ते सहा आठवडे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. तिकीट काढण्यापूर्वी भेटलात तर उत्तम, कारण रद्द केलेल्या तिकिटाचे पूर्ण पैसे सहसा परत मिळत नाहीत. सपाटीवर पन्नास मीटर चालताना किंवा एक जिना चढताना धाप लागत असेल, तर ते स्पष्ट सांगा. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अँजिओप्लास्टी किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, छातीत दुखणे अधूनमधून होत असेल, रक्तदाब वा साखर आटोक्यात नसेल, डायलिसिस वा घरी ऑक्सिजन चालू असेल, तर सफर पुढे ढकलणे किंवा सोडून देणे हेच बहुधा शहाणपणाचे ठरते.

जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि लहानसा दवाखाना असतो. प्राथमिक तपासण्या आणि तातडीचे उपचार तेथे होतात. मोठी शस्त्रक्रिया वा दीर्घकाळचा अतिदक्षता उपचार तेथे होईल अशी अपेक्षा ठेवू नये. या दवाखान्याचे शुल्क प्रवाशालाच भरावे लागते. आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या संलग्न रुग्णालयांसाठी आहेत. जहाजावर त्यांचा आधार धरू नका. प्रवासविमा घ्या आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब, स्टेंट असे सर्व जुने आजार नमूद करा. आजार लपवून घेतलेला विमा ऐन वेळी निरुपयोगी ठरतो. रुग्णाला तातडीने किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च विम्यात धरला आहे का, हे विशेष विचारा.

फ्लूची लस घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी, कारण संरक्षण निर्माण व्हायला तेवढा काळ लागतो. न्यूमोनियाची लस राहिली असेल तर तेही याच भेटीत विचारून घ्यावे.

हंगाम, मार्ग आणि खोली

जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो. पूर्वी मुंबई-कोकण बोटींची वाहतूकही पावसाळ्यात बंद ठेवली जात असे, आणि कोळीबांधव आजही नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करूनच नवा हंगाम धरतात. ज्येष्ठांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या सफरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. समुद्र तुलनेने शांत असतो आणि उकाडाही कमी असतो.

मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करत आले आहे. १९९० साली बांधलेले हे जहाज सुमारे २१० मीटर लांब आहे आणि त्याला ११ मजले आहेत. म्हणजे जेवणघर एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला असेल, तर दिवसभरात गुडघ्यांना किती चालावे लागेल याचा अंदाज करा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन रात्रींचीच सफर निवडावी. लक्षद्वीपच्या बेटांवर मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाशांना हलत्या लहान बोटीत उतरावे आणि पुन्हा चढावे लागते. गुडघेदुखी, कंपवात किंवा तोल जाण्याचा त्रास असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. किनाऱ्यावर न उतरता जहाजावरच दिवस काढण्याची मोकळीक असते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

खोली शक्यतो जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर, लिफ्टपासून जवळ मागा. झोपाळ्याच्या टोकाला हेलकावा मोठा आणि दोरीच्या गाठीजवळ लहान, तसेच जहाजाचे आहे. पुढे, मागे आणि वर हालचाल जास्त जाणवते. खिडकी असलेली खोली थोडी महाग पडली तरी बरी, कारण बाहेरचे दिसत राहिले की मळमळ कमी होते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी मात्र बाल्कनीची खोली टाळा. न्हाणीघराला उंबरा किती उंच आहे, आधाराचे दांडे आहेत का, व्हीलचेअर आत जाते का, कमोडला पाण्याचा फवारा आहे का, हे प्रश्न आरक्षण करतानाच विचारावेत. विचारायला संकोच वाटतो, पण तीन दिवसांचे सुख याच उत्तरांवर अवलंबून असते.

बीड ते बॅलार्ड पियर

आपल्यासाठी सफरीचा सर्वांत थकवणारा भाग समुद्रावर नसून रस्त्यावर असतो. बीडहून मुंबई रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये आखडून बसायचे, पहाटे मुंबईत उतरायचे आणि तसेच थेट बंदर गाठायचे, हा बेत तरुणांना झेपेल. ज्येष्ठांनी तो करू नये. एक दिवस आधी मुंबईला पोहोचून रात्रभर नीट झोप घ्यावी. बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. मुंबईसाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथून सुटणाऱ्या गाड्या सोयीच्या पडतात. गाडीत शौचालय असते, उठून चालता येते, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून बॅलार्ड पियरचे क्रूझ टर्मिनल अगदी जवळ आहे.

बसनेच जायचे असेल तर खालची जागा घ्या. फार वेळ पाय लोंबकळत राहिले की पोटरीच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चाला. बसल्या जागी घोटे वर-खाली करत राहा. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखू लागली वा गरम लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेल चोळत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि लघवीच्या गोळीबद्दल : ती परस्पर बंद केल्यास हृदयविकाराच्या रुग्णाच्या फुप्फुसांत पाणी साठू शकते. प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना विचारा. वेळ बहुधा पुढे-मागे करता येते. प्रौढांचे डायपर ही लाजेची नव्हे, सोयीची वस्तू आहे.

औषधे हातातल्या पिशवीतच

टर्मिनलवर सोपवलेल्या मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला काही तास लागतात. तेवढ्यात दुपारची गोळी किंवा इन्सुलिन चुकू शकते. म्हणून औषधे, चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि कागदपत्रे सतत हातातल्या पिशवीत ठेवा. औषधे सफरीच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस अधिकची घ्या आणि ती मूळ वेष्टनातच असू द्या. गोळ्या डबीत मोकळ्या भरल्या की गरजेच्या वेळी कोणती कशाची ते जहाजावरच्या डॉक्टरांना कळत नाही.

एका कागदावर आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा, रक्तगट, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते, आणि घरच्या डॉक्टरांचा क्रमांक लिहा. त्याला अलीकडच्या ईसीजीची प्रत जोडा. छातीत दुखू लागल्यास नवा ईसीजी या जुन्याशी ताडून पाहता येतो, आणि निदानाला मोठी मदत होते. पेसमेकर वा स्टेंटचे कार्डही याच पाकिटात असावे.

वापरात नसलेले इन्सुलिन थंड ठेवावे लागते, पण ते गोठता कामा नये. बर्फाला थेट लावू नका आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. खोलीत फ्रिज आहे का ते आधी विचारा. नसल्यास दवाखान्यात ठेवण्याची सोय मागा. वापरलेल्या सुया कचऱ्यात न टाकता जाड डब्यात बंद करून दवाखान्याकडे द्या.

बोट लागणे

गाडी लागते तशीच बोटही लागते. आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हलतो आहोत’ असे सांगते आणि बंद खोलीतले डोळे ‘सारे स्थिर आहे’ असे सांगतात. या विसंगत निरोपांमुळे मेंदू गोंधळतो. घाम, मळमळ, उलटी सुरू होते. मोठ्या जहाजांना हेलकावे कमी करणारे पंख पाण्याखाली बसवलेले असतात, त्यामुळे बऱ्याच प्रवाशांना त्रास होत नाही. तरी पुढील गोष्टी पाळाव्यात.

मोकळ्या हवेत, जहाजाच्या मध्यावर बसून दूर क्षितिजाकडे पाहा. मोबाइल, वाचन, विणकाम बाजूला ठेवा. पोट रिकामे ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. थोडा भात, टोस्ट, केळे असे हलके खा. तळलेले, उग्र वासाचे पदार्थ आणि मद्य टाळा. फारच मळमळले तर डोळे मिटून आडवे व्हा. आल्याने काहींना आराम पडतो. आलेपाकाची वडी सोबत ठेवा. मधुमेह असेल तर साखरेविना आल्याचा तुकडा किंवा सुंठ घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आले भरपूर प्रमाणात घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

उलटीच्या गोळ्यांबाबत अधिक सावध राहा. प्रोमेथाझिन म्हणजे आपल्या परिचयाची अॅव्होमिन, तसेच सिनारिझिन, या गोळ्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात, पण ज्येष्ठांना त्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते आणि तोल जातो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यांवरचा दाब वाढू शकतो, स्मृतिभ्रंश असलेल्यांचा गोंधळ वाढतो. सिनारिझिनने कंपवाताची लक्षणे बळावू शकतात. म्हणून कोणती गोळी, किती आणि कधी, हे घरच्या डॉक्टरांनी ठरवावे. ती निघण्यापूर्वी एकदा घरी घेऊन पाहावी. अशी गोळी त्रास सुरू होण्याआधीच घ्यायची असते. उलट्या लागल्यावर ती पोटात टिकत नाही.

आपल्याला बोट कितपत सोसते हे पाहायचे असेल, तर मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीतून, किंवा गेटवेहून घारापुरीला एकदा जाऊन या. लहान बोटीचे हेलकावे अधिक असतात, त्यामुळे ही अगदी अचूक परीक्षा नव्हे. पण पाण्यावरचा पहिला अनुभव तासाभराचा असला की भीती बरीच ओसरते.

प्रत्येक उलटी बोटीमुळे नसते

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ज्येष्ठांत, विशेषतः मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक घाम, मळमळ, उलटी, धाप, जबडा वा खांदा दुखणे, कमालीचा थकवा एवढीच त्याची लक्षणे असू शकतात. जहाजावर कुणालाही वाटते, ‘बोट लागली असेल, पडून राहा.’ तसे पडून राहण्यात मोलाचे तास वाया जातात. समुद्र शांत असताना उलटी झाली, घामाने अंग गार पडले, धाप लागली, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर खोलीतल्या फोनवरून ताबडतोब दवाखान्याला कळवा. रात्र असो, पहाट असो. कुणाची झोप मोडेल याचा विचार करू नका.

मधुमेही व्यक्तीला घाम, थरथर आणि गोंधळ झाला तर साखर उतरल्याची शक्यता असते. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा आणि गरज पडल्यास पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, डॉक्टरांना बोलवा.

ताट, पाणी आणि हात

जहाजावर अन्नाची रेलचेल असते. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड यांचे पथ्य सांभाळणाऱ्यांनी आधी सर्व पदार्थ एक फेरी मारून नुसते पाहावेत, मग एकदाच ताट वाढून घ्यावे. लोणची, पापड, सूप, सॉस यांतून मीठ नकळत वाढते. ज्वारीची भाकरी मिळेलच असे नाही; सवयीचे काही हवे असेल तर सोबत काय नेता येईल हे कंपनीला विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणघराच्या वेळा पाहून मगच इंजेक्शन घ्यावे, ‘पाच मिनिटांत जेवायचेच आहे’ या भरवशावर खोलीत टोचून घेऊ नये. सफरीत एकादशी येत असेल, तर उपवास आणि औषधे यांचा मेळ आधीच डॉक्टरांकडून घालून घ्या.

आपण कोरड्या हवेत वाढलेली माणसे. समुद्रावर हवेत बाष्प अधिक, त्यामुळे घाम अंगावर राहतो, वाळत नाही आणि शरीर नीट थंड होत नाही. दुपारी अकरा ते चार उघड्या डेकवर बसू नका. टोपी, गडद चष्मा, सुती कपडे वापरा. पाणी घोट घोट पीत राहा. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलीच मर्यादा पाळा.

बंदिस्त जागेत शेकडो माणसे एकत्र जेवतात तेव्हा जुलाब-उलट्यांची साथ झपाट्याने पसरते. त्यास बहुधा कारणीभूत असणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबण लावून, वीस सेकंद चोळून, वाहत्या पाण्याने हात धुवा. जुलाब झाल्यास लपवू नका. जलसंजीवनीची पाकिटे सोबत असू द्या. उलट्या-जुलाब चालू असताना रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे घरून निघतानाच लिहून घ्या.

तोल आणि सुरक्षा

जहाजावर चालताना एक हात कायम कठड्यावर किंवा दांड्यावर असावा. रबरी तळाची, टाच बंद असलेली पादत्राणे घाला. सपाता आणि नवी चप्पल नको. पायघोळ धोतर, नऊवारी किंवा सैल साडी असेल तर जिन्यावर विशेष जपा. रात्री शौचालयातला दिवा चालू ठेवा, उठताना आधी मिनिटभर कडेला बसा. घरी परतल्यावरही एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटू शकते. हा भास आपोआप जातो, पण त्या दिवसांत न्हाणीघरात आणि गच्चीच्या जिन्यावर सांभाळून वावरा.

सफरीच्या आरंभी सुरक्षेची कवायत होते. ‘म्हातारपणी कुठे धावायचे’ म्हणून ती चुकवू नका. १९१२ च्या टायटॅनिक दुर्घटनेनंतर सागरी सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम झाले, आणि २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडल्यानंतर ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावी असा दंडक पक्का झाला. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणीचा इशारा. अशा वेळी लिफ्ट वापरायची नसते. म्हणून जिना उतरता येत नसेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना सांगून मदतनीस ठरवून घ्या.

सोबत जाणाऱ्यांसाठी

खुल्या समुद्रात मोबाइलची नेहमीची सेवा मिळत नाही आणि जहाजावरच्या सेवेचे दर चढे असू शकतात. फोन विमान मोडवर ठेवा आणि घरी तशी आगाऊ कल्पना द्या. ज्येष्ठांच्या खिशात खोलीचा क्रमांक आणि आपले नाव लिहिलेली चिठ्ठी असू द्या. एकसारख्या दिसणाऱ्या लांबच लांब बोळांत धडधाकट माणूसही वाट चुकतो. दाराला ओळखीचा रंगीत रुमाल बांधण्याची युक्ती उपयोगी पडते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीचा गोंधळ नव्या जागी संध्याकाळनंतर वाढतो. तिला एकटी ठेवू नका. सोबत दोघे असाल तर पाळ्या लावा, म्हणजे प्रत्येकाला विश्रांती मिळेल. थकलेला सोबती गोळ्यांची वेळ चुकवतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी पडताळा

• ओळखपत्र, श्रीलंकेसारख्या परदेशी बंदराची सफर असल्यास किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट
• औषधे (अधिकच्या दिवसांसह), औषधांचा कागद, ईसीजीची प्रत, विम्याचे कागद
• साखर व रक्तदाब तपासण्याची यंत्रे, जलसंजीवनी, खडीसाखर
• काठी, सुटा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, लहान टॉर्च
• रबरी तळाची पादत्राणे, टोपी, हलकी शाल (आतल्या दालनांत वातानुकूलनाचा गारवा असतो)

मुलांनी भेट दिलेले तिकीट हे प्रेम आहे. ती परीक्षा नव्हे. डॉक्टर ‘आता नको’ म्हणाले, तर ते मुलांना मोकळेपणाने सांगा. जुहूच्या किंवा अलिबागच्या वाळूवर खुर्ची टाकून नातवंडांसोबत पाहिलेला सूर्यास्तही समुद्राचाच असतो. आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर मनात शंका न ठेवता निघा. दुखले-खुपले ते वेळेवर बोला, गोळी वेळेवर घ्या, आणि पहाटे लवकर उठून कठड्याशी उभे राहा. पाण्यातून वर येणारा सूर्य पाहण्यासाठी आपण इतक्या दूर आलेलो असतो.